मेंढरांनी सोडलेली जागा

आधीच सांगून टाकते, मी घाबरट बाई नाही. चौरस्त्यावर कोणी उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालून जातात. मी ते उचलून घरी आणलंय आणि सरबत करून प्यायलेय. चांगलं रसाळ होतं. भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. इथे लोकांचे अनुभव वाचताना निम्म्या वेळा मनात म्हणते, 'अहो, मांजर असेल!' त्यामुळे हे लिहायला बसल्यावर माझं मलाच हसू येतंय... पण जे घडलं ते घडलं. भर दुपारी घडलं, उघड्या माळावर घडलं, आणि मी स्वतः टेप लावून मोजलं.

टेप, कारण मी टेलर आहे. हिंगोलीत वाढले, बारावीपर्यंत सायन्स शिकले आणि लग्न होऊन धनगराच्या घरात आले. आम्हीही धनगरच, पण माझे वडील नोकरीवाले, त्यामुळे मेंढरू मी लांबूनच पाहिलेलं. लग्नात वडिलांनी शिलाई मशीन दिली. तिच्यावर मी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला लागले ते आजपर्यंत शिवतेय. बाई दारातून आत आली की तिचं माप मला नजरेनंच कळतं, टेप फक्त तिच्या समाधानासाठी लावते. एकच अडचण. टेलरला स्वतःचं माप घेता येत नाही. हात वर केला की खांदा हलतो. माझा ब्लाऊज बेतायचा असला की मला शेजारणीला हाक मारावी लागते.

गावाचं नाव सांगत नाही, भावकी हल्ली सगळी मोबाईलवर असते. हिंगोलीहून वाशीम रोडने कनेरगाव नाक्याकडे निघालं की मध्ये डाव्या हाताला एक फाटा लागतो, तिथून आत. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे, माळावर एक जुनं कडुलिंबाचं झाड आणि इकडेतिकडे बाभळी. हिंगोली जिल्हा व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट, म्हणजे तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. घरात आम्ही तिघं. मी, माझे मिस्टर आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मिस्टर हिंगोली ते नाका काळी-पिवळी जीप चालवायचे आणि सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, साठ-सत्तर मेंढरं राखायचे.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. उंच, काटक माणूस. बसले तरी एक पाय लांब पसरून आणि काठी आडवी टाकून बसायचे, म्हणजे एकट्याला तिघांची जागा लागायची. बोलणं कमी, पण बोलले की समोरच्याला हसवायचे नाहीतर गप्प करायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी नाकाला पदर लावून मेंढरांजवळून गेले, तर म्हणाले, "वंदना, नाक झाकू नको. मेंढरायला तुझ्या पावडरीचा वास येऊन राहिला, ती कुठं झाकून राहिली?" त्या दिवसापासून आमची जोडी जमली. माझ्या सख्ख्या वडिलांशी मी कधी इतकं भांडले नसेन आणि इतकं हसलेही नसेन.

त्या साली संक्रांतीनंतर त्यांचा कुत्रा गेला. भुऱ्या त्याचं नाव, चांगला म्हातारा होऊन गेला. पण त्यानंतर मामांचं चित्त उडालं. महिन्याभरात लांडग्यानं दोन कोकरं उचलली. दुसऱ्या वेळी मामा काठी घेऊन मागे धावले, दगडावर आपटले, गुडघा सुजला. मी म्हणाले, दुसरं कुत्रं आणा. तर म्हणाले, "आता कुत्रं न्हाई. आता मेंढरंच काढून टाकतो. बास झालं."

मिस्टरांना ते बरं वाटलं. मला नाही वाटलं. माळावरून उतरलेली म्हातारी माणसं मी गावात बघत होते. ओट्यावर बसायची, आल्यागेल्याला 'राम राम' घालायची, आणि दोन पावसाळ्यांत संपायची. मामा ओट्यावर बसलेले मला बघायचे नव्हते. मेंढरं राहिली तरच हा माणूस राहणार, आणि कुत्रं आलं तरच मेंढरं राहणार. माझा हिशोब सरळ होता.

आणि अशात ते पिल्लू आलं.

मी मशीनवर बसले होते. पायडलखाली चिंध्यांचा ढीग असतो, त्यात काहीतरी हललं. बघते तर पिल्लू. तांबूस रंग, शेपटीचं टोक तेवढं पांढरं, आणि पोट असं रिकामं की बरगड्या मोजाव्यात. कुठून आलं, कोणाला माहीत नाही. गावात तेव्हा कुठलीच कुत्री व्यालेली नव्हती, मी घरोघर विचारलं. दूध-भाकरी खाऊन ते परत चिंध्यांत जाऊन झोपलं. मी त्याचं नाव चिंध्या ठेवलं आणि संध्याकाळी मामांसमोर नेऊन उभं केलं.

"मामा, बघा तुमच्यासाठी कोण आलं."

त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. "कोनाचं हाय त्याला नेऊन दे."

"कोणाचंच न्हाई. उद्या माळावर घेऊन येते. बसवून बघा."

हे 'बसवून बघणं' काय ते सांगते. इतर घराण्यांत आहे की नाही ठाऊक नाही, आमच्यात आहे. पिल्लू आलं की कोणी लगेच पाळत नाही. दुपारी मेंढरं झाडाखाली विसाव्याला बसली की पिल्लू त्यांच्या मध्ये सोडायचं. मेंढरं उठून पांगली, तर त्या पिल्लाची वाट वेगळी. पण त्याच्याभोवती बसून रवंथ करू लागली, तर ते कुत्रं त्या धनगराचं झालं. मग त्याला 'नाही' म्हणता येत नाही. कपाळाला भंडारा लावायचा, भाकरीचा पहिला घास आपल्या तोंडात चावायचा आणि त्याला द्यायचा. ते कुत्रं घराचं नसतं, गावाचंही नसतं, ते त्या एका माणसाचं असतं.

मामा म्हणाले, "म्या बसवून बघनार न्हाई."

"काहून?"

"बसली तर?"

मला वाटलं गंमत करतायत. तोंडाकडे पाहिलं तर गंमत नव्हती. मग आपणहून सांगू लागले. "माझा बाप गेला तवा त्याचं कुत्रं माळाच्या वाटंकडं तोंड करून बसलं. म्या हाक मारली, आलं न्हाई. भाकर टाकली, हुंगली न्हाई. आईनं दूध देलं, त्याच्याकडं बघितलं सुदिक न्हाई. बापाचं कुत्रं ते, आमचं कोनाचंच नव्हतं. तसंच वाळून मेलं." चिंध्या तोवर त्यांच्या पायाशी येऊन बसला होता. त्यांनी पाय मागे घेतला. "कुत्रं धा-बारा वरसं जगतं पोरी. म्या जगनार हाय का तेवढा? माझ्यामागं हे कोनाचं?"

मी पिल्लू उचललं आणि परत चिंध्यांत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मिस्टरांना सांगितलं, जीपमध्ये टाक आणि नाक्याला सोड, तिथं ढाब्यावर खायला मिळंल. मी भांडले, मिस्टरांशी दिवसभर अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. चिंध्या कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर गेला. जीपनं माणसं चढवत-उतरवत जायला तास तरी लागतो, म्हणजे पिल्लाच्या पायानं येण्याजोगी ती वाट नव्हेच. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी मामांची भाकरी घेऊन माळावर गेले. रोज शेजारचं कोणीतरी नेऊन द्यायचं, त्या दिवशी मीच गेले, कारण मला पुन्हा भांडायचं होतं. ऊन मी म्हणत होतं. मेंढरं लिंबाखाली बसली होती. उन्हात मेंढरं कशी बसतात माहीत आहे का? एकीला एक चिकटून, हिचं डोकं तिच्या पोटाखाली, सुई घालायला फट राहत नाही. सावली थोडी आणि मेंढरं फार, मग काय करणार बिचारी.

पण त्या गर्दीच्या बरोब्बर मध्ये जागा मोकळी होती.

गोल, स्वच्छ, मोकळी जागा. आणि तीही सगळ्यात गार सावलीची. कडेची मेंढरं उन्हात धापा टाकत होती, पण त्या सावलीत एकही गेलेलं नव्हतं. एक कोकरू आईकडे निघालं, त्या जागेच्या काठापर्यंत आलं आणि वळसा घालून पलीकडे गेलं. माणूस झोपला असला की त्याला ओलांडू नये म्हणून लेकरं जातात तसं.

मी मामांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते.

"मामा, मेंढरायच्या मदी काय हाय?"

"कुठं?"

"तिथं. मदी. जागा सुटलीय ती."

"मला काय दिसतंय? मोतीबिंदू हाय मला."

"मोतीबिंदू डाव्या डोळ्यात हाय. उजव्यानं बघा."

मामा भाकरी खाण्यात फार गुंतून गेले. तेव्हा मला कळलं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलेलं नाही. मी खोदून विचारलं. शेवटी कबूल झाले, पिल्लू नाक्याला गेलं त्या दिवसापासून रोज दुपारी असंच.

आता मी सायन्सची. मी पदर खोचला आणि आत शिरले. मी गेले की मेंढरं उठून पांगायची, मशीनच्या तेलाचा आणि साबणाचा वास त्यांना सोसत नसे, त्या दिवशीही पांगली. मी जमीन तपासली. मुंग्या नाहीत, काटे नाहीत, बीळ नाही, ओल नाही, कुठल्या जनावराची घाण नाही. इतर जमिनीसारखी जमीन. मामांना म्हणाले, यांना पलीकडच्या बाभळीखाली बसवा. त्यांनी कुरकुरत बसवलं. मेंढरं टेकली आणि तिथेही मध्ये जागा सुटली. तीच, तेवढीच.

मग मी बाभळीच्या शेंगा आणल्या. मेंढरू बाभळीच्या शेंगेसाठी जीव टाकतं, शेंगा पडल्याचा आवाज आला की एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतात. ओटीभर शेंगा मी लांबूनच त्या मोकळ्या जागेत फेकल्या. सगळ्यांच्या माना वर झाल्या. काठावरच्या मेंढ्यांनी माना ताणल्या, जेवढ्या शेंगा पोहोचल्या तेवढ्या खाल्ल्या. मधल्या शेंगा तशाच पडून राहिल्या. एकाही मेंढीनं आत पाय टाकला नाही.

मंडळी, तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू का, भीती नाही वाटली. मला आनंद झाला. मी वकिलासारखी मामांसमोर जाऊन उभी राहिले.

"बसली मेंढरं. आता तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई."

"पिल्लू कुठंय? पिल्लाबिगर बसली ते धरत न्हाईत."

"असं कोणी सांगितलं?"

"असं आजवर झालंच न्हाई तर सांगंल कोन?" मग आवाज उतरला. "भुऱ्याची जागा असंल ती. त्याची याद येत असंल त्यायला."

"भुऱ्या मदी बसायचा?"

भुऱ्या कधीच मध्ये बसला नव्हता. कडेला एक उंचवटा आहे, आयुष्यभर तो तिथूनच राखण करायचा. हे मलाही माहीत होतं आणि त्यांना तर होतंच.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेले. मामांनी डोक्याला हात लावला. काठीच्या टोकाला टेप बांधून, मेंढरं न उठवता, लांबून मी ती जागा या काठापासून त्या काठापर्यंत मोजली. आणि माझाच दावा लंगडा पडला. जागा फार मोठी होती. चिंध्या एवढासा, ओंजळीत मावणारा. ही जागा मोठ्या, भरलेल्या कुत्र्याची होती, पाय ताणून आडवा झालेल्या. मामांना हे सांगितलं तर त्यांना जरा हायसं वाटलं. "मंग त्या पिल्लाची न्हाई."

"मग कोणाची?"

मामांनी उजवा डोळा बारीक करून त्या जागेकडे पाहिलं. मेंढरं रवंथ करत होती. मग म्हणाले, "वंदना, लई तकलीफ देऊन राहिलीस तू मला." आणि माझ्याकडे न बघता, "जा. घेऊन ये."

मी त्याच दिवशी मिस्टरांच्या जीपमध्ये बसले. नाक्याला पोहोचलो तर चिंध्या ढाब्याच्या बाजेखाली होता. मला बघून उठला, आला, आणि जणू मी रोजच येते अशा थाटात माझ्या चपलेवर बसला. ढाब्याचा मालक तिकडचा, वाशीमकडचा गडी. तो म्हणाला, "घेऊन जा बाई, काही कामाचं नाही ते. सकाळी चांगलं खेळते, दुपार झाली का मेल्यावानी पडते. परवा म्या तांब्याभर पानी टाकलं अंगावर, तरी हाललं नाही. म्या म्हटलं, गेलं! अन् मंग उनं कलली का उठून शेपूट हालवते."

मी विचारलं, "कधीपासून?"

"आलं तवापासून. रोज."

मिस्टर म्हणाले, पिल्लं झोपतातच. बरोबर आहे, झोपतातच. मीही तेव्हा तेच म्हणाले. पण जीपमध्ये येताना मी त्याला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर मी त्याला खाली सोडलं. मेंढरं बसलेली, मध्ये जागा. चिंध्या मेंढ्यांच्या पाठींवरून, पायांतून, धडपडत आत गेला आणि जागेच्या मधोमध अंगाची गुंडाळी करून झोपला. एकही मेंढी उठली नाही. सरकलीही नाही. एवढ्या मोठ्या मोकळ्या गोलात ते एवढंसं पिल्लू, म्हणजे मोठ्या माणसाचा अंगरखा लेकराला घातल्यासारखं दिसत होतं. मामा उठले. भंडारा बरोबर कपाळाच्या मध्ये लावला. भाकरीचा घास चावून त्याला दिला. त्यानं तो मामांच्या बोटांसकट चाटून खाल्ला.

मेंढरं विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

चिंध्या वाढत गेला तसतशी ती जागा भरत गेली. पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर तो पाय ताणून आडवा झालेला. नाक एका काठाला, शेपटीचं पांढरं टोक दुसऱ्या काठाला. नवीन ब्लाऊज अंगात बरोबर बसला की मला जसं वाटतं तसं वाटलं. माप चुकलेलं नव्हतं. कोणीतरी वाढत्या अंगाचं घेतलेलं होतं, एवढंच.

मामांना त्यानंतर सात-आठ वर्षं मिळाली. चांगली मिळाली. लांडगा माळाकडे फिरकला नाही. मामा चिंध्याशी इतकं बोलायचे की मी म्हणायचे, आयुष्यभर साठवलेलं सगळं त्याच्याजवळ रितं करताय का? एका हिवाळ्यात अंगात थोडी कणकण म्हणून दुपारी घरी येऊन पडले, आणि उठलेच नाहीत.

मी खूप रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात. माझा बाप दुसऱ्यांदा गेला.

आणि त्यांनी सांगितलं होतं तसंच सुरू झालं. चिंध्या ओट्याच्या कोपऱ्यावर माळाच्या वाटेकडे तोंड करून बसला. भाकरी हुंगली नाही, रात्री पाण्याला तेवढी जीभ लावायचा. दूध ठेवलं, त्यात मुंग्या झाल्या. मिस्टरांनी हाक मारली, मी मारली, मान वळवली नाही. मी त्याच्याशेजारी बसून बोलले, रागावले, तोंड उघडून घास कोंबला, तो बाहेर पडला. मला मामांचा तोच प्रश्न ऐकू यायचा, 'माझ्यामागं हे कोनाचं?' त्याला ढाब्यावरून मी आणला होता. मामांच्या गळ्यात मीच मारला होता. तो माझ्या डोळ्यांसमोर वाळत होता आणि मी काही करू शकत नव्हते. असं मला आयुष्यात फार कमी वेळा झालंय.

मेंढरांचं मग ठरलं. मिस्टर कसेबसे त्यांना चारून आणत होते, पण जीप सोडून ते किती दिवस जमणार? माझ्याकडे शिवणकाम भरपूर होतं. विकायची हे मीच म्हणाले. तेराव्यानंतर हिंगोलीच्या व्यापाऱ्याला निरोप गेला, तो उद्या येणार म्हणून कळलं.

तो यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मिस्टरांची भाकरी घेऊन माळावर निघाले. ओट्यावरून उतरले तर मागे काहीतरी वाजलं. चिंध्या उठला होता. पाय लटपटत होते, पण माझ्या मागोमाग आला. माळावर पोहोचलो तशी मिस्टरांना जीपचं काही काम निघालं म्हणून कोणी बोलवायला आलं. ते म्हणाले, घटकाभर थांब, आलोच, आणि गेले. भाकरी माझ्याच हातात राहिली.

मी लिंबापाशी उभी राहिले. मेंढरं बसली. चिंध्या आत गेला आणि त्याच्या जागेवर आडवा झाला.

आणि त्याच्या शेजारी दुसरी एक जागा सुटली होती.

मला भडभडून आलं. वाटलं, मामांची जागा. ठेवलीय बिचाऱ्यांनी. मी हात जोडले. खरंच जोडले, मी, उतरून टाकलेल्या लिंबाचं सरबत पिणारी! किती वेळ तशी रडत उभी होते माहीत नाही.

पण डोळे पुसले आणि धंद्याची सवय आडवी आली. मामांना बसायला किती जागा लागायची? एक पाय लांब, काठी आडवी, तिघांची जागा. ही तर एवढीशी. आखूड, गोल. मांडी घालून बसणाऱ्या माणसाची. मिस्टरांची? तेही बापासारखेच लांब, नाही मावणार. मी मागे वळून वाटेकडे पाहिलं, कोणी येतंय का. वाट रिकामी होती. इतकी वर्षं बायकांची मापं घेतली मी, नजर टाकली की सांगते, आणि ते माप मला ओळखू येईना. ओळखीचं वाटत होतं आणि येत नव्हतं.

चिंध्यानं मान उचलली. वाटेकडे नाही, माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मग मला कळलं ते माप मला का ओळखू येत नव्हतं.

मी आत गेले. मी गेले की उठून पळणारी ती मेंढरं, एकही उठलं नाही. एका मेंढीनं पाय आवरून घेतला, मला वाट द्यायला. मी मांडी घालून बसले. दोन्ही बाजूंनी लोकर माझ्या गुडघ्यांना टेकली, ना तंग ना सैल. भंडारा जवळ नव्हता. भाकरी होती. तुकडा मोडला, चावला, आणि हातावर घेऊन त्याच्यापुढे धरला.

चिंध्यानं खाल्ला. बोटांसकट चाटून खाल्ला आणि पुढच्या घासासाठी माझ्या हातात नाक खुपसलं.

मिस्टर परत आले तेव्हा मी तशीच मेंढरांत बसलेली. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, व्यापाऱ्याला निरोप धाडा, येऊ नको म्हणावं. तेव्हापासून मशीन सकाळ-संध्याकाळ चालते आणि दुपारी मी माळावर असते. चिंध्या पुढे तीन-साडेतीन वर्षं माझा होता. म्हातारा होऊन, पोटभर खाऊन गेला.

आता तुम्ही सांगाल, मेंढरांना वास येतो, कुत्र्यांना कळतं, दुःखात माणसाला भास होतात. सांगा. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण पिल्लू नाक्याला असताना त्याची जागा माळावर कोण राखत होतं, आणि मेंढराचा वास आला की नाकाला पदर लावणाऱ्या बाईचं माप मेंढरांनी कधी घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा मिळालं. तुमच्यामागं तो माझा होता, मामा.